मेजर करेक्शन्स, सहा महिन्यांची मुदत आणि पूर्णवेळ नोकरी: काम कसं लावावं?

अर्धविराम:

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. निकाल ‘मेजर करेक्शन्स’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून प्रबंध पुन्हा द्यायचा. मुदत पत्राच्या तारखेपासून सहा महिने. प्रबंध शिक्षणशास्त्रातला, मिश्र पद्धतीचा: शाळांमधल्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण आणि शिक्षकांच्या मुलाखती. पानं २६० च्या आसपास. नोकरी पूर्णवेळ आहे आणि तिचा संशोधनाशी संबंध नाही. आठवड्याला जेमतेम आठ तास हाताशी राहतात.

दोन्ही परीक्षकांच्या अहवालांतले मुद्दे सुटे करून मोजले तर ३८ होतात. त्यांतले १७ टंकनचुका, संदर्भ, तक्त्यांची शीर्षकं अशा प्रकारचे. १२ ठिकाणी एखादा परिच्छेद वाढवायचा किंवा बदलायचा आहे. सहा मुद्दे पान-दोन पानांचे आहेत. उरलेले तीन मोठे:

१. विद्यार्थी शाळाशाळांतून गटाने आले आहेत, हे रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांत काढायच्या पद्धतीत) धरलेलं नाही. विश्लेषण पुन्हा करावं.
२. सैद्धांतिक चौकटीशी ‘अधिक सखोल संवाद’ हवा.
३. मुलाखतींमधून थीम्स, म्हणजे मुख्य आशयसूत्रं, कशा निघाल्या हे वाचकाला दिसत नाही.

सहा महिने पुरतील का? आधी सोपे मुद्दे संपवावेत की मोठे धरावेत? वर्डमधलं ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदल रंगवून दाखवणारी सोय) चालू ठेवून काम करावं का? आणि नोकरीतून थोडी रजा मिळणार असेल तर ती कुठे खर्चावी?

तळटीप:

पहिल्या आठवड्यात प्रबंधाच्या फाइलीला हात लावू नका. एक तक्ता करा आणि त्यात दोन्ही अहवाल शब्दशः उतरवा. आपल्या शब्दांत सारांश नको, कारण तीन महिन्यांनी तुम्ही तो सारांश वाचून काम कराल आणि परीक्षक मात्र त्यांचं मूळ वाक्य समोर ठेवून तपासतील. मुद्दे सुटे केलेत हे उत्तम, तरी पुन्हा एकदा बघा. ‘नमुना-निवडीचं समर्थन करावं आणि तिच्या मर्यादा निष्कर्षात याव्यात’ हे एक वाक्य असलं तरी कामं दोन आहेत आणि तीही दोन वेगळ्या प्रकरणांतली. असे मुद्दे ७अ, ७आ करून ठेवा. शेवटी राहून जातो तो नेहमी जोडवाक्याचा दुसरा भाग.

तक्त्याचे रकाने: क्रमांक, परीक्षकाचं मूळ वाक्य, सक्तीचं की सुचवलेलं, जुनं ठिकाण, काय बदल केला, हा बदल आणखी कुठे कुठे पोचतो, नवं ठिकाण, स्थिती. जुनं ठिकाण सादर केलेल्या पीडीएफच्या पानावरून लिहा आणि ती पीडीएफ कायमची बाजूला ठेवा. नव्या ठिकाणी सुरुवातीला फक्त प्रकरण आणि उपविभाग लिहा. पान क्रमांक अगदी शेवटच्या आठवड्यात भरायचे. मधेच भरलेत तर प्रत्येक नव्या परिच्छेदानंतर सगळे आकडे सरकतील आणि ते पुन्हा पुन्हा बदलण्यात संध्याकाळी जातील.

सगळ्यांत महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘हा बदल आणखी कुठे पोचतो’. संशोधन प्रश्नाची शब्दरचना बदलली तर ती गोषवारा, पहिलं प्रकरण, पद्धतीचं प्रकरण, निष्कर्ष आणि कधीकधी परिशिष्टातल्या प्रश्नावलीच्या प्रस्तावनेतही असते. एका जागी बदललं आणि चार जागी जुनं राहिलं की परीक्षकाला दुरुस्ती अर्धवट वाटते, मग मूळ बदल कितीही चांगला असो.

आता वेळेचा हिशोब. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. त्यातून मार्गदर्शकांच्या वाचनाचे ४ काढा, शेवटच्या जुळणीचे ३ काढा आणि आजारपण, ऑफिसातली धावपळ, घरचं कार्य यांचे ३ काढा. राहिले १६ आठवडे, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने १२८ तास. दुसऱ्या बाजूला काम मांडा: १७ किरकोळ मुद्द्यांना मिळून ६ तास, १२ परिच्छेदांना प्रत्येकी अडीच तासांप्रमाणे ३०, सहा मध्यम मुद्द्यांना प्रत्येकी सहा तासांप्रमाणे ३६ आणि तीन मोठ्यांना मिळून ५४. बेरीज १२६. परिच्छेदाला अडीच तास जास्त वाटतील, पण त्यात दोन स्रोत शोधणं, वाचणं, लिहिणं आणि आजूबाजूची वाक्यं जुळवणं सगळं येतं.

म्हणजे काम बसतं, पण काठोकाठ. म्हणून रजेच्या पाच दिवसांची सोय आत्ताच बघा. मुदतवाढीचा नियमही आजच वाचून ठेवा: अर्ज कोणाकडे, मुदत संपण्याच्या किती आधी, कोणती कागदपत्रं. चौथ्या महिन्याच्या अखेरीस पहिला किंवा दुसरा मोठा मुद्दा अपुरा असेल तर तेव्हाच मार्गदर्शकांशी बोला. शेवटच्या आठवड्यात केलेल्या अर्जाला नियोजन चुकल्याचा वास येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या काळात न मागितलेली सुधारणा करू नका. जुनं प्रकरण वाचताना ‘हे आता मी किती चांगलं लिहीन’ असं वाटतं, आणि ते खरंही असतं. पण परीक्षक बदललेला मजकूरच बारकाईने वाचतात. तुम्ही न विचारता घातलेल्या परिच्छेदातून नवा प्रश्न निघाला तर त्याला उत्तर देण्याची वेळ तुमच्यावरच येते. शिवाय शब्दमर्यादा असते आणि मागितलेल्या भरींनीच पाच-सहा हजार शब्द वाढतात. सुचलेल्या सुधारणांसाठी वेगळी फाइल ठेवा. पुढे शोधनिबंध लिहिताना ती उपयोगी पडेल.

प्रमाणत्रुटी:

मी फक्त पहिल्या मोठ्या मुद्द्यावर लिहितो, कारण तुमचं वेळापत्रक कोसळलं तर तिथेच कोसळेल.

नवं विश्लेषण करण्याआधी जुना तक्ता पुन्हा काढा. प्रबंधात छापलेले आकडे शेवटच्या दशांशापर्यंत आले पाहिजेत. ते येत नसतील तर पुढे जाऊ नका, नाहीतर आकडा परीक्षकांनी सांगितलेल्या बदलामुळे हलला की फाइल वेगळी होती म्हणून, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. न जुळण्याची नेहमीची कारणं: साफ केलेल्या डेटाची दुसरीच आवृत्ती उघडली आहे, गहाळ उत्तरं वेगळ्या रीतीने वगळली गेली आहेत, एखाद्या वर्गवारीचा संदर्भगट (ज्याच्याशी बाकीच्या गटांची तुलना होते तो) बदलला आहे. बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) किंवा मल्टिपल इम्प्युटेशन (गहाळ उत्तरं अंदाजाने अनेकदा भरणं) वापरलं असेल तर सीडही, म्हणजे यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडाही, तोच हवा. ‘आर’ हा सांख्यिकी प्रोग्रॅम वापरत असाल तर आणखी एक गोम आहे: २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याची मूळ पद्धत बदलली. त्यामुळे सीड तोच असला तरी जुन्या आवृत्तीतला आणि नव्यातला नमुना वेगळा निघतो. ‘सॅम्पल काइंड’ हा पर्याय ‘राउंडिंग’वर ठेवला की जुनी पद्धत परत येते. एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्रॅमचा परवाना संपला असेल तर त्याच्या डेटा फाइली पीएसपीपी आणि जामोवी या दोन प्रोग्रॅममध्ये उघडतात, दोन्ही मोफत आहेत.

जुना तक्ता जुळला की पद्धत ठरवायची. अहवालात नेमकं काय लिहिलंय ते बघा. नुसतं ‘गट-रचना धरावी’ असेल तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली, रिग्रेशन तेच ठेवून शाळेनुसार क्लस्टर्ड प्रमाणत्रुटी काढायची, म्हणजे एका शाळेतले विद्यार्थी एकमेकांसारखे असतात हे धरून अंदाजातली अनिश्चितता मोजायची. यात गुणांक (संबंध किती मोठा हे सांगणारे आकडे) अजिबात बदलत नाहीत. प्रमाणत्रुटी, विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) आणि पी-मूल्यं (संबंध नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) बदलतात. पानोपानी पसरणारे बदल त्यामुळे कमी होतात. अट एवढीच की शाळांची संख्या पुरेशी हवी. ती तीस-चाळीसच्या खाली असेल तर या प्रमाणत्रुटी खऱ्यापेक्षा लहान येण्याचा धोका असतो. तेव्हा वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप (थोड्या गटांसाठीचा बूटस्ट्रॅपचा प्रकार) वापरावा किंवा दुसरी वाट धरावी.

दुसरी, बहुस्तरीय मॉडेल, म्हणजे विद्यार्थी आणि शाळा या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं विश्लेषण. यात गुणांकही थोडे हलतात, म्हणजे मजकुरातला प्रत्येक आकडा बदलणार. पण शाळा-पातळीवरचा प्रश्न प्रबंधात असेल तर हीच पद्धत योग्य. शाळा कमी असतील तर केनवर्ड-रॉजरसारखी लहान नमुन्याची दुरुस्ती लावा आणि तसं लिहा.

कोणतीही वाट घेतलीत तरी आंतरवर्ग सहसंबंध (एका शाळेतले विद्यार्थी एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत याचं माप) काढून लिहा. त्यावरून परीक्षकाला कळतं की प्रश्न किती मोठा होता. समजा प्रत्येक शाळेत सरासरी २५ विद्यार्थी आहेत आणि हा सहसंबंध ०.१० आहे. तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे गट-रचनेमुळे अनिश्चितता किती वाढते याचं माप, १ + (२५ − १) × ०.१० = ३.४. म्हणजे सरासरीच्या अंदाजापुरते १००० विद्यार्थी साधारण २९४ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच माहिती देतात, आणि प्रमाणत्रुटी ३.४ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.८४ पटीने वाढते. शाळा-पातळीवरच्या चलांना हा फटका पूर्ण बसतो. एकाच शाळेत विद्यार्थ्यागणिक बदलणाऱ्या चलांना बहुधा बराच कमी. तुमच्या निष्कर्षांपैकी कोणता डळमळेल हे विश्लेषणाआधीच यावरून ताडता येतं.

आता साखळी. तक्त्यातले तारे (कोणता आकडा सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग न वाटणारा, हे दाखवणाऱ्या खुणा) बदलले की त्याखालचं वाक्य बदलतं, त्या प्रकरणाच्या अखेरचा सार बदलतो, चर्चेचं प्रकरण, गोषवारा, निष्कर्ष, कदाचित शिफारसीही. प्रबंधाच्या फाइलीत तीन शोध घ्या: तक्त्याचा क्रमांक, ‘लक्षणीय’ हा शब्द त्याच्या सगळ्या रूपांसह, आणि जुन्या तक्त्यातला प्रत्येक ठळक आकडा. सापडलेली प्रत्येक जागा ‘आणखी कुठे पोचतो’ या रकान्यात उतरवा. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय मजकूर बदलायला घेऊ नका.

एखादा निष्कर्ष आता लक्षणीय राहिला नाही तर तो सरळ तसाच लिहा: ‘शाळानिहाय गट-रचना धरल्यावर या संबंधाचं विश्वासांतर शून्याला सामावून घेतं’. मग चर्चेत त्यावर उभारलेला युक्तिवाद तितक्याच प्रमाणात सौम्य करा. परीक्षकांनी हा बदल मागितला तेव्हा असं काही होऊ शकतं हे त्यांना माहीतच होतं. प्रबंधात जुना तक्ता ठेवायची गरज नाही. परीक्षकांना द्यायच्या उत्तराच्या तक्त्यासोबत मात्र जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी द्या.

कोरा_कागद:

क्रमाबद्दल. सोपे मुद्दे आधी संपवावेत असा सल्ला सर्रास मिळतो, आणि यादी ३८ वरून २१ वर आली की बरंही वाटतं. तरी मी तो देणार नाही. ज्या परिच्छेदातली जोडाक्षरं आज सुधारली तो परिच्छेद दोन महिन्यांनी रिग्रेशनमुळे उडणार असेल तर ती संध्याकाळ फुकट गेली. आणि नव्या लिहिलेल्या मजकुरात नव्या टंकनचुका येतातच, म्हणजे तो फेरा शेवटी घ्यावाच लागतो.

क्रम असा लावा: आधी रिग्रेशन, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त पानं अवलंबून आहेत. मग थीम्सचा मुद्दा, मग सैद्धांतिक चौकट. चर्चेचं प्रकरण या तिन्हींनंतर एकदाच. परिच्छेदाच्या पातळीवरचे १२ मुद्दे मधल्या थकलेल्या दिवसांसाठी राखून ठेवा, विशेषतः साहित्य-परीक्षण आणि पद्धतीच्या प्रकरणातले, कारण त्यांचा बाकीच्या बदलांशी फारसा संबंध येत नाही. किरकोळ १७ सर्वांत शेवटी, दोन बैठकांत.

नोकरी करून येऊन बसलं की दीड तासातली पहिली वीस मिनिटं ‘कुठवर आलो होतो’ यात जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बैठकीची शेवटची पाच मिनिटं लिखाण थांबवून फाइलीत त्याच जागी खूण टाकून लिहायचं: पुढचं वाक्य कशाबद्दल, कोणता स्रोत, कितवं पान. खूण अशी निवडा जी प्रबंधात अन्यत्र येणार नाही, उदाहरणार्थ @@@. शेवटी ती शोधून एकही उरली नाही याची खात्री करता येते. ‘चर्चा सुधारायची’ अशी नोंद कुचकामी आहे. ‘५.३ चा दुसरा परिच्छेद: ग्रामीण शाळांबद्दलचा दावा सौम्य करायचा, नवा तक्ता ४.६’ अशी नोंद असेल तर बसल्या बसल्या हात चालू होतो.

आठ तासांची विभागणी: आठवड्यात दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि सुट्टीच्या एका दिवशी सलग पाच. सलग वेळ फक्त मोठ्या मुद्द्यांना. संध्याकाळी आधीच फोडून ठेवलेलं बारीक काम. रोज तासभर अशी आखणी रिग्रेशनसारख्या कामाला चालत नाही, कारण विश्लेषणाचा धागा तासाभरात हातात येतो आणि लगेच सोडावा लागतो.

‘अधिक सखोल संवाद’ या मुद्द्यावर लिहायला बसण्याआधी त्याचा अर्थ पक्का करून घ्या. अशा वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात: त्या सिद्धांतावरची टीका तुम्ही घेतली नाही, संकल्पना दुसऱ्या प्रकरणात मांडल्या पण विश्लेषणात वापरल्या नाहीत, किंवा त्या क्षेत्रातलं अलीकडचं लेखन सुटलं. तिन्हींना लागणारं काम अगदी वेगळं. तोंडी परीक्षेच्या वेळी मार्गदर्शक हजर असतील तर त्यांच्या टिपणांत बहुधा उत्तर सापडेल. नसेल तर तुम्हाला कळलेला अर्थ एका परिच्छेदात लिहा, ‘यानुसार २.४ मध्ये सुमारे १२०० शब्द आणि ५.२ मध्ये दोन परिच्छेद घालणार आहे’ असं जोडा आणि मार्गदर्शकांमार्फत किंवा ठरलेल्या अधिकृत वाटेने विचारा. बाह्य परीक्षकांना परस्पर ईमेल करू नका. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते.

अनुभवावरून सांगायचं तर या वाक्याचा बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो. सिद्धांत दुसऱ्या प्रकरणात उतरतो आणि तिथेच राहतो. तेव्हा दुसरं प्रकरण फुगवण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या प्रकरणात त्या संकल्पना कुठे काम करतात ते दाखवणं जास्त फळतं.

अर्धविराम:

रिग्रेशन आधी हे पटलं. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ऑफिसचा लॅपटॉप सोबत असतो, जेवणाच्या सुट्टीत त्यावर थोडं लिहिलं तर? आणि थीम्सच्या मुद्द्यावर कोणी काही सांगेल का? कोडिंग (उताऱ्यांना आशयाची लेबलं लावणं) एनव्हिवो या प्रोग्रॅममध्ये केलं होतं.

पान_क्रमांक:

ऑफिसच्या लॅपटॉपवर मुलाखतींचे उतारे किंवा सर्वेक्षणाचा डेटा अजिबात ठेवू नका. सहभागी व्यक्तींना दिलेल्या संमतीपत्रात माहिती कुठे राहील आणि कोण बघू शकेल हे लिहिलेलं असतं. मालकाच्या यंत्रावर, मालकाच्या बॅकअपमध्ये ती गेली की ते वचन मोडतं. नुसत्या मजकुराबद्दलही करारपत्र वाचा. काही करारांत कंपनीच्या साधनांवर तयार झालेल्या कामावर कंपनीचा हक्क लिहिलेला असतो. जेवणाच्या सुट्टीत कागदावर छापलेली दहा पानं आणि पेन्सिल पुरे. टंकनचुका कागदावर जास्त सापडतात.

नोंदणीबद्दलही आजच चौकशी करा. दुरुस्तीच्या काळात विद्यापीठाचं ईमेल, ग्रंथालय, सॉफ्टवेअरचे परवाने आणि क्लाउडवरची जागा चालू राहते का, आणि कोणत्या तारखेला बंद होते? झोटेरोचं (संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम) किंवा ओव्हरलीफचं (ऑनलाइन लेखनाची सोय) खातं त्या ईमेलवर असेल तर वैयक्तिक ईमेल जोडून घ्या. एनव्हिवोचा परवाना चालू आहे तोवर कोडबुक (कोडची व्याख्यांसह यादी), प्रत्येक कोडखालचे उतारे आणि मेमो (कोडिंग करतानाची टिपणं) बाहेर काढून ठेवा, कारण त्याची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाही.

ट्रॅक चेंजेस: माझं मत नको असं आहे. सहा महिने चालू ठेवलं तर खोडलेला मजकूर फाइलीतच राहतो, पानांचे आणि आकृत्यांचे क्रमांक फसवे दिसू शकतात, आणि झोटेरोने संदर्भसूची ताजी केली की सगळी सूचीच बदललेली म्हणून रंगते. त्यापेक्षा सादर केलेली फाइल गोठवा, तिच्या प्रतीवर स्वच्छ काम करा आणि शेवटी वर्डच्या रिव्ह्यूमधल्या ‘कंपेअर’ने जुनी-नवी ताडून बदल दाखवणारी तिसरी फाइल तयार करा. त्यासाठी एक पथ्य: मधल्या काळात फाँट, समासाची रुंदी, शैली यांना हात लावायचा नाही, नाहीतर तुलनेत सगळं पानच रंगून येतं. ‘कंपेअर’मध्ये फॉरमॅटिंगची खूण काढून टाकता येते, तीही काढा. वर्डऐवजी लेटेक्स या मांडणी-प्रणालीत लिहिलं असेल तर हेच काम लेटेक्सडिफ हा प्रोग्रॅम करतो. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतील तर त्याला ‘फ्लॅटन’ हा पर्याय द्यावा लागतो, तो विसरला की फक्त मुख्य फाइलीची तुलना होते.

प्रत्येक बैठकीनंतर तारीख घातलेली प्रत, आणि आठवड्यातून एकदा ती दुसऱ्या जागी. फाइलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की यादी आपोआप क्रमाने लागते. ‘अंतिम’ हा शब्द नावात नको.

शेवटच्या जुळणीला तीन आठवडे सांगितलेत ते योग्यच आहेत. ती घाईत केली की हमखास बिघडतं ते असं. वर्डमध्ये सगळं निवडून एफ९ दाबलं की अनुक्रमणिका आणि क्रॉस-रेफरन्स (‘तक्ता ४.६ पाहा’सारखे आपोआप बदलणारे उल्लेख) ताजे होतात, पण तळटिपा, शीर्षपट्टी आणि टेक्स्ट बॉक्समधले होत नाहीत. तिथे वेगळं जाऊन दाबावं लागतं. उडवलेल्या तक्त्याकडे बोट दाखवणारे संदर्भ आता इंग्रजीत ‘एरर’ म्हणून छापले जातात, तो शब्द शोधा. लेटेक्समध्ये त्याच जागी दोन प्रश्नचिन्हं येतात. झोटेरोत एकाच लेखकाचं नाव एकदा आद्याक्षराने आणि एकदा पूर्ण भरलं असेल तर तो त्याला दोन माणसं समजतो आणि मजकुरातल्या उल्लेखात अचानक आद्याक्षरं दिसू लागतात; नोंद सुधारली की जातात. संदर्भ ‘अनलिंक’ करायचे, म्हणजे झोटेरोपासून तोडून साधा मजकूर करायचे, तर फक्त सगळ्यात शेवटच्या प्रतीत.

रजेचे पाच दिवस: दोन रिग्रेशनला, सुट्टीला जोडून, म्हणजे सलग चार दिवस मिळतात. तीन या जुळणीला. पहिल्या आठवड्यात रजा घेऊ नका, तेव्हा फक्त तक्ता करायचा आहे.

पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतन करण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) मागितली असेल तर मुदतीच्या दिवशी पहिल्यांदा काढून बघू नका. सगळे फाँट आत असणं सक्तीचं असतं, आणि पीडीएफ-ए-१ मध्ये पारदर्शक थर असलेल्या आकृत्या चालत नाहीत. त्या सपाट करून घ्याव्या लागतात. देवनागरी उतारे असतील तर पीडीएफ दुसऱ्याच यंत्रावर उघडून जोडाक्षरं बघा. आणि ग्रंथालयाच्या अर्जात चिकटवायचा गोषवारा नवाच आहे ना, हे ताडा. तिथे जुना आकडा राहून गेला तर सर्वांत जास्त लोक तोच वाचणार.

ओळीतली_रेघ:

थीम्सच्या मुद्द्याला बऱ्याचदा नवं विश्लेषण लागत नाही. झालेलं काम दिसायला हवं एवढंच. तीन गोष्टी घाला.

पद्धतीच्या प्रकरणात दीड-दोन पानं: उतारे किती वेळा वाचले, पहिल्या फेरीत किती कोड निघाले, ते कशाच्या आधारावर एकत्र केले, कोणता कोड टाकून दिला आणि का. टाकून दिलेला एक तरी कोड कारणासह दाखवा. निवड झाली होती याचा तो सर्वांत खात्रीचा पुरावा असतो. हे आकडे आठवणीतून लिहू नका. एनव्हिवोत कोड तयार झाल्याची तारीख असते आणि मेमोही असतात, त्यावरून काढा.

त्याच प्रकरणात एका थीमचा पूर्ण प्रवास: मुलाखतीतलं तीन-चार ओळींचं वाक्य, त्यावर लावलेले दोन कोड, ते कोड कोणत्या गटात गेले आणि गटाला थीमचं नाव कसं मिळालं. एकच उदाहरण पुरे, पण सगळ्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. उदाहरण गुळगुळीत निवडू नका. ज्या वाक्यावर दोन कोड बसत होते आणि तुम्हाला निर्णय घ्यावा लागला, तेच घ्या.

परिशिष्टात कोडबुक: कोडचं नाव, एका ओळीत व्याख्या, काय धरायचं, काय नाही, एक छोटा उतारा. उतारे निवडताना ओळख उघड होणार नाही हे पुन्हा तपासा. शाळेचं नाव काढलं तरी ‘पाच वर्षं मुख्याध्यापिका आणि गणिताच्या एकट्या शिक्षिका’ यावरून माणूस ओळखू येतो.

नव्या मुलाखती घेऊन हा मुद्दा सोडवायचा मोह टाळा. अहवालात तसं म्हटलेलं नसेल तर नव्या माहितीसाठी नैतिक समितीची नवी परवानगी लागू शकते, आणि तेवढ्यातच मुदत निघून जाईल.

अर्धविराम:

शेवटचं एक. ३८ पैकी एक मुद्दा मला चुकीचा वाटतो. एका परीक्षकांनी ग्रामीण-शहरी तुलनेसाठी वेगळं प्रकरण सुचवलं आहे, पण ग्रामीण गटात शाळा फार कमी आहेत. नकार देता येतो का?

तळटीप:

‘सुचवलं आहे’ असेल तर देता येतो, ‘करावं लागेल’ असेल तर आधी मार्गदर्शकांशी बोला. दोन्ही बाबतीत ती चौकट कोरी ठेवायची नाही आणि ‘व्याप्तीबाहेर’ एवढ्यावर सोडायची नाही. कारण आकड्यासह द्या आणि त्या बदल्यात प्रबंधात काहीतरी ठोस बदला. असं काहीसं:

‘सूचनेबद्दल आभार. ग्रामीण गटात केवळ अमुक शाळा असल्याने शाळा-पातळीवरच्या तुलनेचं विश्वासांतर इतकं रुंद येतं की त्यावर स्वतंत्र प्रकरण उभारता येणार नाही. तुलनेचे वर्णनात्मक आकडे तक्ता ४.९ म्हणून जोडले आहेत. ही मर्यादा ६.३ मध्ये नोंदवली आहे आणि ६.४ मध्ये पुढील संशोधनासाठी किती शाळांचा नमुना लागेल याचा अंदाज दिला आहे.’

हे उत्तर रिग्रेशन पुन्हा झाल्यावरच लिहा, कारण विश्वासांतराचा आकडा तिथूनच येणार आहे. आणि मार्गदर्शकांना तक्ता पाठवाल तेव्हा ही एक ओळ आधी वाचायला सांगा. त्यांना हा युक्तिवाद पटला नाही तर तुमच्याकडे पर्यायी मजकूर लिहायला महिनाभर तरी हाताशी असला पाहिजे.